मुरलेला पण जोखमीचा बचावपटू ट्रेडमध्ये घ्यावा का? निर्णय कसा करायचा

२१ एप्रिल २०१३, रविवार. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमधल्या न्यूयॉर्क जेट्सने आपला सगळ्यात चांगला बचावपटू, डॅरेल रेव्हिस, टॅम्पा बे बकनिअर्सला देऊन टाकला आणि न्यू जर्सीतल्या आम्हा जेट्सवाल्यांच्या घरात सुतक आल्यासारखं झालं. सात महिन्यांपूर्वीच मायामीतल्या सामन्यात त्याच्या डाव्या गुडघ्याचं एसीएल लिगामेंट फाटलं होतं. तरी तो रेव्हिस होता. समोरच्या संघाचा सगळ्यात धोकादायक रिसीव्हर, म्हणजे पुढे पळून चेंडू झेलणारा गडी, त्याच्यावर सोपवला की मैदानाच्या त्या बाजूची काळजी मिटायची. त्या जागेला लोक ‘रेव्हिस आयलंड’ म्हणायचे.

पुढच्या वर्षभरात काय झालं ते बघा. त्याच गुडघ्यावर रेव्हिस टॅम्पाकडून सोळाच्या सोळा सामने खेळला आणि प्रो बोलसाठी, म्हणजे हंगामातल्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी, निवडला गेला. टॅम्पा मात्र पहिले आठ सामने ओळीने हरला आणि ४ विजय, १२ पराभवांवर थांबला. प्रशिक्षक गेला, जनरल मॅनेजर गेला, आणि मार्च २०१४ मध्ये नव्या लोकांनी रेव्हिसलाही सोडून दिलं. त्याच्या बदल्यात जेट्सला ड्राफ्टमधली (नवोदित खेळाडू निवडण्याच्या वार्षिक कार्यक्रमातली) १३ वी निवड मिळाली होती. तिच्यातून आलेला शेल्डन रिचर्डसन त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित बचावपटू ठरला.

म्हणजे खेळाडू चांगला निघाला आणि सौदा फसला.

याच्या उलट उदाहरण २०११ चं. न्यू इंग्लंड पेट्रियट्सने वॉशिंग्टनकडून अल्बर्ट हेन्सवर्थला घेतलं. आडदांड बचावपटू, एकेकाळी दोन-दोन माणसांना न आवरणारा, पण वॉशिंग्टनमध्ये पूर्णपणे बिनसलेला. पेट्रियट्सकडून तो सहा सामने खेळला आणि नोव्हेंबरमध्ये त्याला नारळ मिळाला. खेळाडू साफ फसला. पण किंमत काय होती? दोन वर्षांनंतरच्या ड्राफ्टमधली पाचव्या फेरीची एक निवड. पेट्रियट्स त्याच हंगामात सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत, गेले.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्यापासून माझा प्रश्न बदलला. ‘त्याच्यात अजून दम आहे का?’ हा प्रश्न मी दुसऱ्या नंबरवर ठेवतो. पहिला प्रश्न असा: तो पाचव्या आठवड्यात जायबंदी झाला, तर आपण उभे राहू का? खालच्या सगळ्या पायऱ्या या प्रश्नाकडे जाण्यासाठी आहेत. मार्चमध्ये, किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीला ट्रेडची मुदत जवळ आली की तुमच्या संघाचं नाव अशा एखाद्या खेळाडूशी जोडलं जाईल, तेव्हा या क्रमाने विचार करून बघा.

आधी थोडी ओळख

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर फुटबॉल बघत वाढलेल्या वाचकासाठी एवढं सांगतो, की हा अंडाकृती चेंडूचा अमेरिकन फुटबॉल आहे आणि इथली खेळाडूंची देवाणघेवाण वेगळी चालते. युरोपात किंवा आपल्या आयएसएलमध्ये एक क्लब दुसऱ्याला पैसे मोजून खेळाडू घेतो. एनएफएलमध्ये तसे पैसे मोजून खेळाडू विकत घेत नाहीत. तुम्ही दुसरा खेळाडू देता, नाहीतर पुढच्या ड्राफ्टमधला निवडीचा हक्क देता. ड्राफ्टच्या सात फेऱ्या, ३२ संघ. खेळाडू येतो तो आपला चालू करार पाठीवर घेऊन. आणि सगळ्या संघांवर पगाराची कमाल मर्यादा असते, तिला सगळे ‘कॅप’ म्हणतात. २०१३ मध्ये कॅप १२ कोटी ३० लाख डॉलर होती, २०२५ मध्ये २७ कोटी ९२ लाख. एकावर जास्त खर्च केला की दुसऱ्या कुणाच्या तरी पगारातून तो निघतो.

पायरी १: बैल बघण्याआधी आपलं शेत बघा

बाजारात बैल घ्यायला गेलेला शेतकरी दात मोजतो, वय ताडतो, चालवून बघतो. पण शहाणा शेतकरी घरून निघण्याआधीच ठरवतो की यंदा नांगरायचं किती आहे. मुरलेल्या खेळाडूचंही तसंच आहे. त्याच्याकडे एक, फार तर दोन चांगली वर्षं उरलेली असतात. ती वर्षं तुमच्या संघाच्या चांगल्या वर्षांवर पडत नसतील, तर तो कितीही मोठा असला तरी तुमच्या उपयोगाचा नाही.

लॉस एंजेलिस रॅम्सने १ नोव्हेंबर २०२१ ला डेन्व्हर ब्रॉन्कोजकडून व्हॉन मिलरला घेतलं, तेव्हा रॅम्सचे सात विजय आणि एक पराभव होता. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून हल्ला चालवणारा, मॅथ्यू स्टॅफर्ड भरात होता, बचावात आरॉन डोनल्ड होता. संघ दारापर्यंत आलेला होता, आत ढकलणारा एक हात हवा होता. टॅम्पाचं २०१३ मध्ये काय होतं? आधीच्या वर्षी ७ विजय, ९ पराभव. क्वार्टरबॅक जॉश फ्रीमनचं आणि संघाचं इतकं फाटलं की ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच त्याला सोडून दिलं. क्वार्टरबॅकचा पत्ता नसलेल्या संघाने जगातला सगळ्यात चांगला कॉर्नरबॅक, म्हणजे रिसीव्हरला अडवणारा कडेचा बचावपटू, आणणं म्हणजे पाया खचलेल्या घराला सागवानी दार बसवणं.

म्हणून एका कागदावर तीन गोष्टी लिहा. आपला क्वार्टरबॅक भरवशाचा आहे का? गेल्या हंगामात आपण नेमके कशामुळे हरलो? आणि हा खेळाडू आला असता तर त्यातले किती सामने वाचले असते? तिसऱ्याचं उत्तर ‘एखादा’ असेल, तर पुढच्या पायऱ्या चढायची गरज नाही. बहुतेक संघांसाठी विषय इथेच संपायला हवा. संपत नाही, कारण मोठ्या नावाची भुरळ पडते.

पायरी २: ‘जोखमीचा’ म्हणजे नेमकं काय?

जोखीम हा शब्द आपण सरसकट वापरतो. ती दुखापतीची असते, वयाची असते, कराराची असते, स्वभावाची असते, किंवा खेळाच्या पद्धतीशी न जुळण्याची असते. प्रत्येकीवरचा इलाज वेगळा, म्हणून वेगवेगळी नावं द्या.

दुखापतीतही दोन जाती आहेत. एक अपघाती: एसीएल फाटलं, पायाचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली. एसीएलमधून सावरायला साधारण नऊ महिने ते वर्ष जातं, आणि बरेच खेळाडू परतल्याच्या पहिल्या वर्षापेक्षा दुसऱ्या वर्षी मोकळे खेळतात. दुसरी जात चिवट: मांडीचा मागचा स्नायू, पोटरी, जांघ. एकदा ताणला गेलेला मांडीचा मागचा स्नायू पुन्हा ताणला जाण्याची शक्यता वाढलेली असते. मला स्वतःला एक मोठी शस्त्रक्रिया झालेला खेळाडू चालतो. दर हंगामात तीन-चार सामने ‘किरकोळ’ कारणाने बाहेर बसणारा चालत नाही, कारण ती किरकोळ कारणं तिशीनंतर कमी होत नाहीत.

खलील मॅक २०२१ मध्ये शिकागोकडून सातच सामने खेळला, पायाच्या शस्त्रक्रियेने हंगाम संपला. मार्च २०२२ मध्ये चार्जर्सने त्याला त्या वर्षीची दुसऱ्या फेरीची आणि पुढच्या वर्षीची सहाव्या फेरीची निवड देऊन घेतलं. वय ३१. पुढच्याच्या पुढच्या हंगामात, २०२३ मध्ये, त्याने १७ सॅक काढले, म्हणजे क्वार्टरबॅकला चेंडू टाकण्याआधीच १७ वेळा पाडलं. कारकिर्दीतला सगळ्यात मोठा आकडा, आणि त्यातले सहा एकाच सामन्यात. आधीची बहुतेक वर्षं तो जवळजवळ प्रत्येक सामना खेळलेला होता. दुखापत एक होती, तिची रांग नव्हती.

निदान तीन हंगामांचा हजेरीपट काढा. किती सामने चुकले आणि कशामुळे, ते शेजारी-शेजारी लिहा. एकच अवयव पुन्हा पुन्हा आला तर लाल खूण करा.

पायरी ३: वय जागेप्रमाणे मोजा

तिशी सगळ्यांची सारखी नसते. कॉर्नरबॅकला रिसीव्हरकडे तोंड करून मागे पळायचं असतं, क्षणात कंबर वळवायची असते आणि मग देशातल्या सगळ्यात वेगवान माणसांबरोबर धावायचं असतं. पावलाचा अर्धा हिस्सा कमी पडला की चेंडू डोक्यावरून जातो. म्हणून कॉर्नरबॅकची उतरण लवकर लागते आणि ती अचानक लागते. बचावाच्या मागच्या टोकाला उभा राहणारा सेफ्टी डोळ्यांवर आणि अनुभवावर खेळतो, त्याला दोन-तीन वर्षं जास्त मिळतात. पुढच्या फळीतले आडदांड गडी ताकद, हातांचं तंत्र आणि कोनांवर जगतात. ते सगळ्यात उशिरा थकतात.

कलेयस कॅम्पबेलचं उदाहरण घ्या. मार्च २०२० मध्ये बाल्टिमोर रेव्हन्सने त्याला जॅक्सनव्हिलकडून पाचव्या फेरीच्या निवडीत उचललं, तेव्हा तो ३३ वर्षांचा होता. त्यानंतरही तो वर्षानुवर्षं खेळत राहिला. ३३ वर्षांच्या कॉर्नरबॅकसाठी मी सातवी फेरीसुद्धा विचार करून दिली असती.

कॉर्नरबॅक घेत असाल तर आणखी एक बघा: उद्या वेग गेला तर तो सेफ्टी म्हणून खेळू शकेल का? रॉड वुडसन आणि चार्ल्स वुडसन, दोघेही कॉर्नरबॅक म्हणून मोठे झाले आणि सेफ्टी होऊन कितीतरी वर्षं टिकले. चार्ल्स ३९ व्या वर्षापर्यंत खेळला. जो बचावपटू धडक द्यायला कचरत नाही आणि समोरच्याचा डाव आधी ओळखतो, त्याला हा दुसरा जन्म मिळू शकतो. नुसत्या वेगावर जगलेल्याला नाही.

पायरी ४: टेप बघा, आकडे नंतर

या पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, आणि तुम्हीही घालवा. बावीसच्या बावीस खेळाडू दिसतील अशा कोनातून घेतलेलं चित्रण आता चाहत्यांनाही बघायला मिळतं.

आकडे का फसवतात? कॉर्नरबॅकचे इंटरसेप्शन (समोरच्यांनी फेकलेला चेंडू मध्येच झेलणं) कमी झाले म्हणजे तो संपला असं नाही. क्वार्टरबॅक घाबरून त्याच्या बाजूला चेंडूच टाकत नसेल. उलट, म्हातारा झालाय हे सगळ्यांना कळलं की त्याच्याकडे जास्त चेंडू येतात आणि त्यातले दोन-तीन हाती लागून इंटरसेप्शनचा आकडा वाढलेलाही दिसतो. क्वार्टरबॅकवर धावून जाणाऱ्या गड्याचेही सॅक मोजून भागत नाही. किती वेळा त्याने क्वार्टरबॅकला घाईत चेंडू टाकायला लावला, ते बघावं लागतं.

कसं बघायचं? हंगामाच्या सुरुवातीचे दोन सामने आणि डिसेंबरमधले दोन सामने घ्या. चौथा क्वार्टर आधी बघा. सप्टेंबरच्या पहिल्या क्वार्टरमध्ये सगळेच तरुण असतात. मग या गोष्टींवर नजर ठेवा:

- रिसीव्हरने दिशा बदलल्यावर त्याचं पहिलं पाऊल कधी पडतं. सुरुवातीच्या आणि शेवटच्या सामन्यात त्यात फरक दिसतो का?
- आधी तो रिसीव्हरच्या अंगाला भिडून उभा राहायचा आणि आता सात-आठ यार्ड मागे उभा राहतो का? ते प्रशिक्षकाने सांगितलंय की पायांनी?
- हात. पाय कमी पडले की हात पुढे येतात. जर्सी पकडणं, खांदा ओढणं वाढलं की दंड वाढतात. पकडल्याबद्दलचे दंड दोन वर्षांत दुप्पट झाले असतील, तर दुसऱ्या पुराव्याची मला गरज वाटत नाही.
- धावत येणाऱ्या गड्याला तो खांद्याने अडवतो की बाजूने हात लावून सोडतो. खांद्याची दुखापत लपवणारा माणूस इथे सापडतो.
- एका सामन्यात तो किती स्नॅप (म्हणजे किती डाव) खेळतो, आणि कुठल्या प्रसंगी त्याला बाहेर काढतात.

दोन रात्री लागतात. पुण्यात बसून बघणाऱ्याला तर सामनेच रात्री साडेदहा-साडेअकराला सुरू होतात, त्यामुळे जागरणाची सवय असतेच. दोन रात्रींनंतर तुमचं मत बातम्यांवर उभं राहिलेलं नसेल.

पायरी ५: करार उलगडून बघा

चाहते इथे कंटाळतात, पण सौदा तारणारी किंवा बुडवणारी गोष्ट बहुतेक वेळा इथेच असते.

खेळाडूच्या पैशाचे मुख्य दोन भाग. सही करताना एकरकमी मिळालेला बोनस, आणि दर वर्षीचा मूळ पगार. बोनस हातात लगेच मिळतो, पण कॅपच्या वहीत तो जास्तीत जास्त पाच वर्षांवर वाटून लिहितात. समजा एखाद्याला पाच वर्षांच्या करारात ३ कोटी डॉलर बोनस मिळाला. वहीत दर वर्षी ६० लाख. दोन वर्षांनी संघाने त्याला ट्रेड केलं तर उरलेले १ कोटी ८० लाख कुणाच्या वहीत? जुन्या संघाच्याच. १ जूनच्या आधी ट्रेड झाला तर सगळे एकाच वर्षी अंगावर येतात. नंतर झाला तर ६० लाख या वर्षी, १ कोटी २० लाख पुढच्या वर्षी. बरेच मोठे सौदे जूननंतर का होतात, याचं उत्तर या तारखेत आहे. जेलन रॅम्झी ३० जून २०२५ ला मायामीहून पिट्सबर्गला गेला तो याच हिशोबाने.

घेणाऱ्या संघाच्या वाट्याला उरलेला मूळ पगार येतो, आणि तोही आठवड्याच्या हप्त्यांनी. १ कोटी ८० लाख पगार असेल तर अठरा आठवड्यांचे अठरा हप्ते, प्रत्येकी १० लाख. नवव्या आठवड्यानंतर, म्हणजे ट्रेडच्या शेवटच्या मुदतीला, घेतलं तर ९० लाखच तुमच्या वहीत. मिलरच्या सौद्यात याहून गोड झालं. त्याचे सुमारे ९७ लाख पगाराचे उरले होते, त्यातले ९० लाख डेन्व्हरने स्वतःच भरले. रॅम्सकडे उरले जेमतेम ७ लाख. त्या बदल्यात डेन्व्हरने निवडी वरच्या फेरीच्या मागितल्या. पैसे नको असतील तर निवड जास्त द्या, निवड वाचवायची तर पैसे उचला, असा हा तराजू आहे.

आता रेव्हिस. टॅम्पाने त्याला सहा वर्षांचा ९ कोटी ६० लाखांचा करार दिला, वर्षाला १ कोटी ६० लाख. त्या वेळच्या कॅपचे तब्बल १३ टक्के, एका माणसावर. पण त्यात हमीचा एकही डॉलर नव्हता. कधीही सोडा, वहीत डाग नाही. त्या सौद्यातली मला सगळ्यात शहाणपणाची वाटलेली गोष्ट हीच.

दोन सापळे लक्षात ठेवा. पहिला: यंदा कॅपमध्ये जागा नाही म्हणून त्याचा मूळ पगार बोनसमध्ये बदलून पुढच्या वर्षांवर ढकलणं. ऐकायला सोपं वाटतं. पण पुढच्या वर्षी त्याला सोडायची वेळ आली की ढकललेले सगळे पैसे एकदम समोर उभे राहतात, आणि मग ‘सोडणं परवडत नाही’ म्हणून थकलेला खेळाडू मैदानात उतरतो. जोखमीच्या माणसाच्या बाबतीत हे कधीही करू नका. अंथरूण नसेल तर पाय पसरू नयेत. दुसरा सापळा: चार किंवा जास्त हंगाम पूर्ण केलेला खेळाडू पहिल्या सामन्याच्या वेळी संघात असला, तर त्या वर्षाचा मूळ पगार त्याला जवळजवळ पक्का होतो. म्हणून नको असेल तर ऑगस्टअखेरच सांगा.

पायरी ६: किंमत किती?

मागच्या सौद्यांवरून अंदाज बांधता येतो. स्टेफॉन गिलमोर २०१९ चा सर्वोत्तम बचावपटू होता. ऑक्टोबर २०२१ मध्ये, मांडीच्या दुखापतीतून सावरत असताना, कॅरोलायनाने त्याला दोन वर्षांनंतरच्या सहाव्या फेरीच्या निवडीत घेतलं. २०२३ मध्ये ३२ व्या वर्षी तो डॅलसला पाचव्या फेरीत मिळाला. कॅम्पबेल पाचव्यात. मॅक दुसऱ्या आणि सहाव्यात. मिलर दुसऱ्या आणि तिसऱ्यात, पण बहुतेक पगार डेन्व्हरने भरून. आणि २००९ मध्ये रेडर्सने रिचर्ड सिमोरसाठी २०११ ची अख्खी पहिली फेरी दिली होती.

सिमोर वाईट खेळला नाही, रेडर्सकडून दोनदा प्रो बोलला गेला. पण रेडर्स त्या वर्षांत प्लेऑफपर्यंत पोचले नाहीत, आणि त्यांच्या निवडीतून पेट्रियट्सने नेट सोल्डर हा टॅकल (क्वार्टरबॅकचं रक्षण करणारा गडी) घेतला, ज्याने पुढची कितीतरी वर्षं त्यांच्या क्वार्टरबॅकची, टॉम ब्रेडीची, बाजू राखली. निवड देताना आपण कागद देत नसतो. स्वस्त पगारावर चार वर्षं खेळणारा एक तरुण देत असतो.

माझी स्वतःची मर्यादा सांगतो. तिशी ओलांडलेल्या, जोखमीच्या बचावपटूसाठी पहिली फेरी कधीच नाही. दुसरी फक्त तेव्हा, जेव्हा पायरी १ चं उत्तर रॅम्ससारखं असेल. एरवी चौथ्या फेरीपासून बोलायला सुरुवात करा. आणि शक्य तिथे अट घाला: इतके टक्के स्नॅप खेळला तर चौथी, नाहीतर सहावी. अटीची निवड म्हणजे दुखापतीची जोखीम दोघांत वाटून घेणं. समोरचा संघ अशी अट अजिबात मान्य करत नसेल, तर त्याला त्या गुडघ्याबद्दल काय माहीत आहे, हा विचार करा.

पायरी ७: आपल्या पद्धतीत बसतो का?

रेव्हिस माणसाला माणूस भिडवून खेळणारा. टॅम्पाच्या बचावाने त्याला बऱ्याचदा जागा राखायला लावलं. आंब्याच्या झाडाला दोरी बांधून त्यावर कपडे वाळत घालता येतात, पण त्यासाठी कुणी आंबा लावत नाही. हेन्सवर्थचंही मूळ दुखणं हेच होतं. टेनेसीमध्ये तो चार जणांच्या फळीतून मुसंडी मारायचा. वॉशिंग्टनने २०१० मध्ये तीन जणांची फळी लावून त्याला मधोमध अडवून धरायचं काम द्यायचं ठरवलं, आणि त्याने ते नाकारलं.

तिशीनंतर माणूस नवी पद्धत शिकत नाही असं नाही, पण तुमच्याकडे वेळ नसतो. नोव्हेंबरात आलेल्याला आठवड्याभरात मैदानात उतरायचं असतं. रॅम्सने मिलरला तेच काम दिलं जे तो दहा वर्षं करत होता: कडेने जा, क्वार्टरबॅक गाठ.

पायरी ८: माणूस

पैशासाठी भांडणारा आणि कामचुकार, या दोघांची गल्लत करू नका. रेव्हिस २०१० मध्ये करारासाठी महिनाभराहून जास्त शिबिराबाहेर बसला होता. पण त्याच्या सरावाबद्दल, तयारीबद्दल कुणी बोट दाखवल्याचं मला आठवत नाही. कारकीर्द छोटी असते, शरीर झिजतं, अशा माणसाने आपला भाव मागावा यात मला काही वावगं वाटत नाही. हेन्सवर्थ मात्र १० कोटींचा करार झाल्यावर पुढच्याच वर्षी शिबिराच्या पहिल्या दिवशीच्या दमाच्या चाचणीत नापास झाला. भांडण कशावरून झालं ते विचारा: मोबदल्यावरून की कष्टावरून?

पायरी ९: थांबलो तर फुकट मिळेल का?

ज्या खेळाडूचा पगार जुन्या संघाला डोईजड झालाय, त्याला ते कधीतरी सोडणारच असतात. तसं असेल तर निवड कशाला द्यायची? थांबण्यात धोका एवढाच, की सोडल्यावर तो कुणाहीकडे जाऊ शकतो. म्हणून बघा, त्याला तुमच्याकडे यायचं आहे का, आणि ती जागा तुम्हाला सप्टेंबरआधी भरलीच पाहिजे का. दोन्हीची उत्तरं तुमच्या बाजूने असतील तर फोन करू नका.

आपल्याच बाकावरचा मुलगाही बघा. डॅलसने २०२३ मध्ये ट्रेव्हॉन डिग्जच्या जोडीला म्हणून गिलमोरला आणलं. सप्टेंबरमध्ये सरावात डिग्जचं एसीएल फाटलं, ऐन पंचविशीत. ‘जोखमीचा’ गिलमोर सतराच्या सतरा सामने खेळला. आणि डिग्जच्या जागी उभ्या राहिलेल्या डेरॉन ब्लँडने एका हंगामात पाच इंटरसेप्शन थेट टचडाउनपर्यंत नेले, एनएफएलच्या इतिहासात कुणी तेवढे नेले नव्हते. ब्लँड पाचव्या फेरीतून आलेला होता.

पायरी १०: वैद्यकीय तपासणी, आणि हात कधी सोडायचा

ट्रेड बहुधा वैद्यकीय तपासणीच्या अटीवर होतो. तपासणी आपल्या डॉक्टरांकडून व्हावी, आणि ती नावापुरती होऊ नये. डॉक्टर नाही म्हणाले तर विषय संपला, मग बातमी कितीही पसरलेली असो.

आणि सही करायच्या आधीच लिहून ठेवा: कुठल्या तारखेला, काय दिसलं तर, आपण त्याला सोडू. नंतर ठरवायचं म्हटलं की मोह आडवा येतो. मिलरचं बघा. फेब्रुवारी २०२२ मध्ये ५६ व्या सुपर बोलमध्ये त्याने दोन सॅक काढले, रॅम्स २३-२० ने जिंकले, आणि करार संपल्यावर त्यांनी त्याला जाऊ दिलं. बफलो बिल्सने त्याला ३३ व्या वर्षात सहा वर्षांचे १२ कोटी देऊ केले. त्याच नोव्हेंबरमध्ये त्याचं एसीएल फाटलं, आणि २०२३ मध्ये बारा सामन्यांत त्याला एकही सॅक मिळाला नाही. एकाच खेळाडूने दोन संघांना अगदी वेगळी फळं दिली, कारण एकाने त्याला तीन महिन्यांसाठी आणला होता आणि दुसऱ्याने सहा वर्षांसाठी. डेन्व्हरलाही तो सौदा भोवला नाही. दुसऱ्या फेरीतल्या ६४ व्या निवडीतून त्यांनी घेतलेल्या निक बोनिटोने २०२४ मध्ये साडेतेरा सॅक काढले.

टॅम्पाने निदान शेवटची पायरी नीट उतरली. १२ मार्च २०१४ ला त्यांनी रेव्हिसला सोडलं. आणखी थोडे दिवस ठेवला असता तर १३ व्या निवडीखेरीज जेट्सला द्यायची चौथ्या फेरीची निवड अटीप्रमाणे तिसऱ्या फेरीची झाली असती. हमी नव्हती, म्हणून वहीत काही उरलं नाही. त्याच दिवशी पेट्रियट्सने १ कोटी २० लाखांवर त्याच्याशी बोलणी पक्की केली. एकही निवड न देता, आणि क्वार्टरबॅकच्या जागी ब्रेडी असताना. पुढच्या फेब्रुवारीत रेव्हिसच्या हातात सुपर बोलची ट्रॉफी होती.